मायला ऐकू जावं म्हणून

राजरत्न,

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवा झाला. माणसं पुष्कळ आली होती. तू किती हुशार होतास ते सगळ्यांनी सांगितलं. मराठी शाळेतून शिकून पोरगा हैदराबादच्या कंपनीचं काम आदिलाबादेत बसून करायचा, हे तर तिघाचौघांनी सांगितलं. मलाही बोलायला उभं केलं होतं. मी माईकसमोर गेलो, हात जोडले आणि खाली येऊन बसलो. म्हणून लिहितो आहे. शेवटचे कितीतरी महिने आपण असेच बोलत होतो, तू लिहायचास आणि मी तोंडानं उत्तर द्यायचो. आता उलटं.

सुजाताही हे वाचणार आहे. तिनं मला तंबीच दिली आहे. "भाऊजी, प्रोग्रामचं लिहाल तं मले समजल असं लिहा. तुमी दोघं त्या स्ट्रिंग-स्ट्रिंग करून काऊन भांडत होते, ते एकडाव मले कळू द्या." त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी सांगणार आहे. तू कंटाळशील. इलाज नाही.

आपली ती खोली अजून आहे. कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरची. मी माझ्या गावाहून, बेल्याहून, गाडीवर यायचो, तू दोन गल्ल्या पलीकडून चालत यायचास आणि तरी माझ्यानंतर पोचायचास. दोन टेबलं, एक कुलर, आणि हिवाळ्यात तोच कुलर वह्यापुस्तकं ठेवायला. आपण रस्टमध्ये काम करायचो. सुजातासाठी सांगतो, ही मशीनच्या अगदी जवळ जाऊन काम करायची भाषा आहे, आणि फार कडक आहे. इतर भाषांमध्ये मजकूर म्हणजे मजकूर. इथं त्याचे प्रकार आहेत. स्ट्रिंग म्हणजे तुमच्या मालकीचा मजकूर. वाढवा, कापा, टाकून द्या. दुसरा प्रकार असतो नुसता बघायला घेतलेल्या मजकुराचा. मालक दुसरा कुणी, आपण वाचायचं आणि परत करायचं. जुन्या सी भाषेतल्या प्रोग्रामशी बोलायचं असेल तर तिसरा, सी-स्ट्रिंग, कारण मजकूर कुठं संपला ते सीला शेवटी शून्य ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी नुसते बाइट, म्हणजे आकडे, ज्यातून धड अक्षरं निघतील याची कुणी हमी दिलेली नसते. एका प्रकारातून दुसऱ्यात जायचं तर भाषेचा तपासनीस, म्हणजे कंपायलर, दर वेळी अडवतो. नवी प्रत काढू का? आणि बदलणं जमलं नाही तर काय करू? आपली सगळी भांडणं ह्या दोन प्रश्नांवरची होती, सुजाता. दुसरं काही नव्हतं.

पहिल्या प्रश्नावरचं भांडण जुनं. माझा कोड तू तपासायचास, आणि खुर्ची न वळवताच सुरू व्हायचास.

"दिन्या, इथं क्लोन काऊन केलं बे?"

"कंपायलर बोंबलून राह्यला होता."

"तो बोंबलला म्हनून नवी प्रत काढतं? ह्या फंक्शनले नुसतं पाहाचं हाय. पाहू दे अन् वापस घे."

"चालून राह्यलं ना?"

"चालून राह्यलं अन् बरोबर हाय, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत."

असं बोलायचास आणि त्याच कोडवर लेखी शेरा मारताना मात्र तुझ्या बाबांचा, गुरुजींचा, मुलगा व्हायचास. 'येथे अनावश्यक प्रत तयार होत आहे. कृपया टाळावे.' पूर्णविरामासकट. मी एकदा तुला म्हटलं होतं की तुझी जीभ वऱ्हाडी आहे आणि बोटं पुणेरी. तू हसलास आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सावरत खिडकीकडं गेलास.

खर्र्याबद्दल फार लिहिणार नाही. मी सांगितलं, सुजातानं सांगितलं, मायनं तर पुडी चुलीत टाकली होती. तू म्हणायचास, "डोकं चालत नाई बे त्याच्याबिगर." त्या उत्तराचा मला तेव्हा राग यायचा, आज त्याहून जास्त येतो. तोंडातला फोड भरत नाही म्हणून तू नागपूरला गेलास, आणि परत आलास तेव्हा जीभ नव्हती.

आल्यावर पहिले काही दिवस घरात बरं चाललं, असं मला वाटत होतं. तू फोनवर लिहायचास आणि दाखवायचास. सुजाता वाचायची, मी वाचायचो. मग एका दुपारी तू खोलीवर आलास, गळ्याभोवती पांढरा टॉवेल, जिना चढून दमलेला. लॅपटॉप उघडून मोठ्या अक्षरात लिहिलंस: 'सुजाता शाळेत शिकवायला जाते. दिवसभर घरी मी आणि माय. मायला वाचता येत नाही.'

मला हे माहीत होतं. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढं लिहिलंस: 'मी फोन दाखवला की ती हो म्हणते. काहीही लिहिलेलं असलं तरी हो म्हणते. आज टीव्हीचा आवाज कमी कर असं लिहिलं. ती हो म्हणाली आणि पांघरूण घेऊन आली. तिला समजलं नाही हे ती मला जाणवू देत नाही.'

त्याच दिवशी कंपनीचं काम बाजूला ठेवून आपण बसलो. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक फुकट मिळणारी जुनी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, होती, सीमध्ये लिहिलेली, आणि तिच्यात मराठी आवाजही होता. रोबोटसारखा, पण मराठी. तू टाइप करशील ते घेऊन त्या लायब्ररीला द्यायचं, एवढंच माझं काम. तुझी स्ट्रिंग तिची सी-स्ट्रिंग करायची. मी हात झटकत म्हणालो, "हे तं चहा पितापिता होते."

झालंही. 'माय' असं टाइप केलं, स्पीकर म्हणाला, "माय." तू टेबलावर थाप मारलीस. मग पुढचं वाक्य दिलं तर स्पीकर घसा खाकरल्यासारखं काहीतरी करून गप्प. पुन्हा दिलं तर भलतंच बोलला. मी वायर हलवून बघितली, स्पीकर बदलायची भाषा केली. तू लॅपटॉप आपल्याकडं ओढलास, माझा कोड वर-खाली केलास, एका ओळीवर बोट ठेवलंस आणि माझ्याकडं असं बघितलंस की जीभ असती तर काय बोलला असतास ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

सी-स्ट्रिंग तयार करणं आणि ती मेमरीत कुठं आहे तो पत्ता काढणं, ही दोन्ही कामं मी एकाच ओळीत उरकली होती. ओळ संपली की त्या स्ट्रिंगला कुणी मालक नाही, म्हणून रस्टनं ती तिथल्या तिथं पुसून टाकली. लायब्ररीच्या हातात राहिला नुसता पत्ता. पहिल्या वेळी जुनी अक्षरं तिथं पडून होती म्हणून नशिबानं 'माय' आलं. स्ट्रिंगला आधी एक नाव द्यायचं, बोलून होईपर्यंत धरून ठेवायचं, एवढीच दुरुस्ती होती. कंपायलरनं पिवळ्या अक्षरात सांगितलंही होतं. तू लिहिलंस: 'वॉर्निंग वाचण्यासाठी असते.' पूर्णविरामासकट.

दुसऱ्या दिवशी घरी उद्घाटन. स्पीकर टीव्हीच्या बाजूला फळीवर ठेवला. माय जोत्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, तिला आत बोलावलं. सुजातानं त्या दिवशी शाळेतून लवकर सुटी घेतली होती. तू नीट ताठ बसून टाइप केलंस, आणि स्पीकर म्हणाला, "आई, कृपया पंखा सुरू कर."

मायनं आधी स्पीकरकडं बघितलं, मग दाराकडं.

"कोन आलं?"

"कोनी नाई माय," मी म्हणालो. "राजरत्नच बोलून राह्यला. तो लिहिते अन् हे मशीन बोलते."

"राजरत्न?" तिनं पुन्हा ऐकायला मान पुढं केली. तू तेच वाक्य पुन्हा दिलंस. तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"हे तं तुया बापावानी बोलते! गुरुजी असेच बोले, साहेब आला का. माया घरात मले आई कोन म्हनते रे?"

सुजाता भिंतीला टेकून हसायला लागली. तू सगळं पुसलंस. बराच वेळ बोटं कीबोर्डवर तशीच होती. मग टाइप केलंस आणि स्पीकर म्हणाला, "माय, पंखा लाव."

ती उठली आणि बटन दाबलं. डिसेंबर होता, आपण सगळे स्वेटर घालून बसलो होतो, आणि पंखा फिरत होता. कुणीच तो बंद करायला उठलं नाही.

त्या दिवसापासून तू वऱ्हाडीत लिहायला लागलास. सोपं नव्हतं तुझ्यासाठी. गुरुजींनी आपल्या अख्ख्या वर्गाचं शुद्धलेखन ताळ्यावर आणलं होतं, आणि तू त्यांचा मुलगा 'पानी' लिहीत होतास, 'मले' लिहीत होतास, 'काऊन' लिहीत होतास, कारण बाणातला ण मशीन फार जोरात म्हणायचं आणि मायला तो परका वाटायचा. मला लिहिलंस, 'बाबा असते तर बाकावर उभं केलं असतं.' मी म्हणालो, "बाबा असते तं त्यायनं मायले कवाच वाचाले शिकवलं असतं." हे मी उगाच बोललो. गुरुजींनी खूपदा प्रयत्न केला होता आणि माय दर वेळी चुलीवर काहीतरी लागतंय म्हणून उठून जायची, हे तूच मला सांगितलं होतंस.

मग ते मशीन दिवसभर बडबडायला लागलं. मी दुपारी कधी गेलो तर बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू यायचं. माय रागावली की स्पीकरकडं बघून बोलायची. "जेवाच्या टायमाले औषध नाई म्हनू नको, सांगून ठेवतो!" आणि तू चुटकी वाजवायचास, इकडं बघ, मी इकडं आहे. ती वळायची, दोन वाक्यं तुझ्याकडं बघून बोलायची आणि पुन्हा स्पीकरकडं. तिच्या लहानपणीच्या तलमडुगू गावच्या गोष्टी ती तुला तेव्हा सांगत होती. कापसाच्या वेचणीला जाताना ती आणि तिची बहीण रस्त्यात कशी नाचायची ते. तू लिहिलंस की इतकी वर्षं या घरात राहिलो आणि हे कधी विचारलं नाही. पूर्वी तू घरी आलास की जेवायचास आणि खोलीवर यायचास. तिच्याशी बोलायला तुला वेळ मिळाला तो जीभ गेल्यावर. हे मी कुठंही वळवून सांगत नाही, आहे तसं सांगतो.

उन्हाळ्याआधी मानेत पुन्हा गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी आणखी एक ऑपरेशन आणि त्यानंतर पुन्हा ते केमोचं औषध, असं सांगितलं. उपयोग होईल का, तर सांगता येत नाही. सुजाताला जायचं होतं. मायला जायचं होतं. मलाही वाटत होतं की जावं, आणि मी ते तुला दोनदा बोललो होतो. तू उत्तर लिहिलं नव्हतंस.

रविवारची दुपार होती. मी आलो तेव्हा माय तुझ्या पलंगाशी खाली बसली होती. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

माय म्हणाली, "कवा निंघाचं नागपूरले? चादरी धुवा लागतीन."

तू लॅपटॉप मांडीवर घेतलास आणि टाइप करायला लागलास. खूप वेळ. एरवी तुझी वाक्यं दोन-तीन शब्दांची असायची. मायनं पदर नीट केला आणि उठून स्पीकरसमोर जाऊन बसली, कुणी महत्त्वाचं माणूस बोलणार असल्यासारखी. तू बटन दाबलंस.

आवाज आला नाही. स्क्रीनवर लाल इंग्रजी ओळी आल्या.

ती चूक कुठली हे मला वाचायच्या आधी कळलं. लायब्ररीला एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर चालायचा, म्हणून मी लांब मजकूर तोडून देत होतो, आणि तोडताना बाइट मोजत होतो. इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं, कुठंही तोडा. मराठी अक्षराचा एकेक तुकडा तीन-तीन बाइटचा. काप नेमका मधे पडला तर अर्धं अक्षर इकडं, अर्धं तिकडं, आणि रस्ट असल्या मजकुराला हातच लावत नाही. प्रोग्राम जागच्या जागी बंद करतो. तुझी छोटी वाक्यं त्या कापापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

"थांब, दोन मिन्टं दे," मी म्हणालो आणि लॅपटॉप घ्यायला गेलो. तू माझं मनगट धरलंस. माय स्पीकरकडं बघतच होती.

मग तू टॉवेल खाली घेतलास आणि तोंड उघडलंस.

ऑपरेशननंतर तू आमच्यासमोर कधी आवाज काढला नव्हतास. खोकला आला तरी टॉवेल तोंडावर धरून वळायचास. त्या दुपारी तू मायकडं बघून बोललास. मला ऐकू आले ते नुसते स्वर. 'आ' होता, 'ई' होता, पुन्हा 'आ'. हनुवटीवर लाळ आली, ती तू पुसली नाहीस.

माय स्पीकरकडून वळली.

"नाई जात?"

तू मान हो म्हणून हलवलीस. पुन्हा बोललास, जरा लांब. मला त्यातलं काहीही कळलं नाही. खरंच काही नाही, आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो.

"अटीच राहाचं म्हनतं," माय म्हणाली. "घरी. सुजातापाशी."

तू मान हलवलीस.

माय गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बरं," म्हणाली. "मंग औषधाचा डबा खालच्या फळीवर ठेवतो. वर तुया हात नाई पुरत." सुजाता मागच्या दारानं अंगणात गेली. तिच्या मागं कुणी गेलं नाही. ती स्वतःच परत आली, तोंड धुऊन, आणि तुझ्या पायाशी बसली.

स्क्रीनवरचं तुझं उत्तर मी नंतर वाचलं. आठ-दहा ओळी होत्या. कारणं नीट मांडलेली, एकामागून एक, कुठंही कुणाला दोष नाही. फार चांगलं लिहिलं होतंस. मायला त्यातली एक ओळही लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चूक तू स्वतः दुरुस्त केलीस. काप अक्षराच्या मधे पडत असेल तर मागं मागं सरकत अक्षराच्या सुरुवातीपर्यंत यायचं आणि तिथं तोडायचं. चार ओळींचं काम. मला शेरा पाठवला नाहीस, तेव्हा मला जरा भीती वाटली.

आता दुसऱ्या प्रश्नावरचं भांडण, जे संपलं नाही.

बसणं होईना तेव्हा तू पडून फोनवर लिहायला लागलास. फोनवरचा मजकूर घरातल्या वायफायनं लॅपटॉपला जायचा, आणि तो जाताना तुकड्या-तुकड्यांनी जायचा. कधी एखाद्या तुकड्याच्या शेवटी अक्षर अपुरं यायचं. नेट गचके खात असेल तर उरलेले बाइट यायचेच नाहीत. आता काय करायचं? रस्ट दोन वाटा देते. एक, बाइटांतून अक्षरं जुळत नाहीत असं सांगून मजकूर नाकारायचा. दुसरी, जुळेल ते घ्यायचं आणि न जुळलेल्या जागी एक चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवून पुढं जायचं. तू पहिली वाट धरली होतीस. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी तू लिहायचास आणि मशीन गप्प.

"प्रश्नचिन्ह येऊ दे ना," मी म्हणालो. "मशीन ते वाचत नाई, सोडून देते. एखादं अक्षर कमी. बाकीचं तं ऐकू येईल."

तू लिहिलंस: 'नको.'

"अबे काऊन नको?"

'चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं.'

"चुकीचं नाई, अर्धं. मायले अर्धं पुरते. त्या दिवशी पाह्यलं ना तू? मी बाजूले बसून ठोंब्या, अन् तिनं सारं बरोबर सांगितलं."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग फोन वर घेतलास आणि अगदी सावकाश लिहिलंस, आणि मशीनला न देता स्क्रीन माझ्याकडं केलास. 'माय अर्धं समजून घेते म्हणून मी अर्धं बोलायचं का?'

मी म्हणालो की चहा ठेवतो, आणि उठलो.

त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. गाडीवर बेल्याला जाताना उत्तरं सुचायची. एक असं की मायला तुझ्या अर्ध्या आवाजाचं ओझं नव्हतं, तिला तोच हवा होता. त्या रविवारनंतर ती स्पीकरकडं बघेनाशी झाली होती, तुझ्या तोंडाकडं बघायची. तुझ्या लक्षात आलं असेलच. दुसरं असं की तू म्हणतोस तेही खरं आहे. आयुष्यभर ज्यानं प्रत्येक पूर्णविराम जागेवर ठेवला, त्यानं शेवटी लाळ पुसत, ई-आ करत का बोलायचं? तेही आईनं पदरात घ्यायचं म्हणून? मी दोन्ही उत्तरं तुला सांगायला हवी होती. दर वेळी आलो की तुला दुखत असायचं, आणि स्ट्रिंगवर कोण बोलणार. प्रोग्राम तू ठेवलास तसाच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

आणखी एक राहिलं. मला हे काम तू शिकवलंस. हैदराबादची पहिली नोकरी सुटून मी बेल्याला येऊन बसलो होतो, भावाबरोबर कापसाला फवारे मारत होतो, तेव्हा तू रोज संध्याकाळी फोन करून एकेक गणित घालायचास आणि दुसऱ्या दिवशी माझं उत्तर फाडायचास. माझं घर त्यावर चाललं आहे. तुला कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू त्यातलं व्याकरण काढलं असतंस. परवा माईकसमोर हेच बोलायचं होतं. मी खोली सोडलेली नाही. तुझं टेबल मालकानं उचलायला सांगितलं आहे, मी जरा थांबा म्हटलं आहे. काल कोडमध्ये एका ठिकाणी क्लोन टाकलं आणि तपासायला कुणी नव्हतं. तसंच राहिलं ते. चालून राह्यलं.

त्या सकाळी मी आलो तेव्हा फोन तुझ्या हातातून सुटून गादीवर पडला होता आणि सुजातानं तो उचलून बाजूला ठेवला होता. मशीन बंद होतं. तुझा श्वास मोठा चालला होता. एकदा डोळे उघडलेस, मायला शोधलंस आणि काहीतरी बोललास. दोनच आवाज, फार बारीक. माय तुझ्यावर वाकली, दोन्ही हात तुझ्या मानेमागं घातले, तोंड तुझ्या तोंडाजवळ नेलं. तू पुन्हा एक आवाज काढलास. ती तशीच वाकून राहिली, मग सरळ झाली आणि तुझा हात धरून बसली. थोड्या वेळानं तू गेलास.

तू काय बोललास ते सुजाताला कळलं नाही. मलाही नाही. आम्ही दोघं त्याबद्दल आपसांत बोललोही नाही, इतके दिवस. परवा मंडप सोडून माणसं गेल्यावर सुजाता माझ्याजवळ आली. "भाऊजी, ते शेवटी मायशी काय बोलले, ते तुमी इचारता का? माया तोंडून निंघत नाई." तिला वाटत होतं की तिच्यासाठी काही असेल. मलाही, खरं सांगतो, तसंच काही वाटत होतं. माझ्यासाठी नाही, पण काहीतरी मोठं.

माय मागच्या अंगणात धुतलेल्या सतरंज्या वाळत घालत होती. मी एका टोकाला धरलं. सुजाता दारात उभी राहिली.

"माय, त्या सकाळी राजरत्न तुले काय म्हनला?"

"कवा?"

"तू वाकली होती तवा. जाच्या आधी."

ती सतरंजीची घडी झटकत राहिली. मग तिला आठवलं.

"उशी सरकव म्हने. मानेखाली दबून गोया झाला होता तिचा."

"अन् मंग?"

"मंग काय, सरकवली मी. आता बरं हाय का म्हनलं, तं हां म्हनला."

दिनेश